ॲडलेडच्या डोंगरात मुलांसह चालायचे असेल, तर आधी दिवस निवडावा

प्रश्न असा आहे. पुण्याहून ॲडलेडला येऊन काही महिने झालेले एक जोडपे, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, शिवाय जानेवारीत दोन महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा. नवरा-बायको दोघांनाही सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांची चांगली सवय आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी शहरालगतच्या एखाद्या कॉन्झर्व्हेशन पार्कमध्ये मुलांना घेऊन चालायला जावे, असे त्यांच्या मनात आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी वॉटरफॉल गलीपासून माउंट लॉफ्टीच्या माथ्यापर्यंतची वाट सुचवली आहे. सुरुवात कोणत्या पार्कपासून करावी, ही वाट मुलांना झेपेल का, सापांचे काय करावे आणि आजी-आजोबांना कुठे नेता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

मी या डोंगररांगेत बरीच वर्षे कुटुंबांचे गट घेऊन चालते, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत कानावर येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याला पार्कांची यादी हवी असते. यादी देणे अवघड नाही, पण माझ्या पाहण्यात ज्या सहली फसल्या, त्यांतल्या फार थोड्या पार्कची निवड चुकल्यामुळे फसल्या. बहुतेकांचा दिवस चुकला होता, नाहीतर निघण्याची वेळ. ऑगस्टमध्ये सकाळी जिथे ओढा खळाळत असतो, तिथेच जानेवारीत दुपारी कोरडे दगड आणि तापलेला कातळ असतो. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलते: आधी दिवस, मग पार्क, मग अंतर. काही गोष्टी मात्र तुमच्याच परिस्थितीवर ठरतील. मुलगा एरवी किती चालतो, तुमच्याकडे गाडी आहे की ट्रेनने जावे लागते, आजी-आजोबांचे गुडघे कसे आहेत, यांनुसार खालच्या प्रत्येक सल्ल्यात थोडे कमी-जास्त करावे लागेल.

सह्याद्रीत फिरणाऱ्याच्या अंगात एक पंचांग भिनलेले असते: पावसाळ्यात हिरवळ आणि धबधबे, थंडीत लांबचे ट्रेक, उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन चढण्याआधी परत. ॲडलेडला हे पंचांग चालत नाही. इथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. जून ते सप्टेंबर हे ओढे आणि धबधबे वाहण्याचे महिने आहेत. तेव्हा दुपारचे तापमान साधारण पंधरा अंशांच्या आसपास असते आणि जूनमध्ये संध्याकाळी सव्वापाचच्या आतच सूर्य मावळतो. पावसात भिजणे ही आपल्याकडे मौज असते. इथे थंड वाऱ्यात भिजलेले चार वर्षांचे मूल अर्ध्या तासात कुडकुडू लागते, म्हणून हिवाळ्यात रेनकोट आणि गाडीत कोरड्या कपड्यांचा एक जोड हवाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रानफुले असतात, तसे डोक्यावर झेपावणारे मॅगपायही असतात. टोपी आणि गॉगल घालून, न धावता त्याच्या घरट्याच्या झाडापासून दूर गेले की तो पक्षी पाठलाग सोडतो. एप्रिल-मे हे माझ्या मते कुटुंबांसाठी सर्वांत भरवशाचे महिने: हवा शांत, वाटा कोरड्या, ऊन सौम्य. धबधबे तेव्हा नसतात, एवढेच.

डिसेंबर ते मार्च हा काळ वेगळ्याने समजून घ्यावा लागतो, कारण त्यात आगीचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडून आलेल्या कुटुंबांना याची कल्पना सर्वांत कमी असते. सह्याद्रीत वणवे लागतात ते बहुधा गवताचे असतात आणि माणूस बाजूला होऊ शकतो. माउंट लॉफ्टी रांगेत निलगिरीच्या जातीची, तेलकट पानांची झाडे असतात. त्यांच्या सुटलेल्या सालीचे लोंबते पट्टे आणि खाली साठलेला वाळका पाचोळा असतो, आणि उत्तरेकडून, म्हणजे खंडाच्या कोरड्या अंतर्भागातून, गरम वारा सुटला की सारे डोंगर पेटायला तयार होतात. चढावर आग वेगाने पळते. उताराचा कोन दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असे इथे आग विझवणारे शिकतात आणि शिकवतात. १६ फेब्रुवारी १९८३ च्या ॲश वेन्सडेच्या आगीत एकट्या साऊथ ऑस्ट्रेलियात २८ माणसे दगावली आणि माउंट लॉफ्टीच्या माथ्याजवळचा परिसरही जळाला. २०२१ च्या जानेवारीत चेरी गार्डन्सची आग स्कॉट क्रीक कॉन्झर्व्हेशन पार्कात शिरली. तेव्हा हा काही जुन्या काळचा इतिहास नाही.

सप्टेंबर २०२२ पासून देशभर आगीच्या धोक्याच्या चार पातळ्या वापरात आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. तुमचा भाग माउंट लॉफ्टी रेंजेस या नावाने दाखवलेला असतो. कॅटॅस्ट्रॉफिकच्या दिवशी इथली पार्क बंद असतात आणि एक्स्ट्रीमच्या दिवशीही बंद ठेवली जाऊ शकतात. मी स्वतः याहून कडक नियम पाळते. एक्स्ट्रीम जाहीर झाला की पार्क उघडे असले तरी मी मुलांना घेऊन डोंगरात जात नाही. हाय असेल आणि वारा उत्तरेचा असेल, तर दरीतल्या वाटा टाळते, कारण दरीत बाहेर पडायचा रस्ता एकच असतो. आदल्या संध्याकाळी कंट्री फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पातळी पाहावी, नॅशनल पार्क्सच्या संकेतस्थळावर पार्क बंद असल्याची सूचना पाहावी, आणि सकाळी निघताना दोन्ही पुन्हा पाहावे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. फोनवर अलर्ट एसए हे ॲप ठेवून सूचना चालू ठेवल्या, तर वाटेत असतानाही आगीचा इशारा मिळतो, अर्थात रेंज असेल तर. ज्या दिवशी टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, असतो त्या दिवशी चहासाठी छोटा गॅस पेटवणेही बंद, हे ध्यानात ठेवावे, थर्मास न्यावा.

उन्हाबद्दल एकच सांगते. इथे तापमान कमी असले तरी ऊन भाजते. अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असला की टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन लावावे असा इथला शिरस्ता आहे, आणि उन्हाळ्यात तो निर्देशांक ११ च्याही वर जातो. आपल्या मुलांचा रंग सावळा आहे म्हणून चालेल, असे समजू नये.

आता पार्क. शहर सपाटीवर, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगराची भिंत, अशी ॲडलेडची रचना आहे. या भिंतीतून काही ओढे पश्चिमेकडे उतरून टॉरेन्स नदीला मिळतात आणि त्यांना फर्स्ट क्रीक, सेकंड क्रीक अशी फिफ्थ क्रीकपर्यंत चक्क क्रमांकांचीच नावे आहेत. फर्स्ट क्रीकची दरी म्हणजे वॉटरफॉल गली, फोर्थ क्रीकची दरी म्हणजे मोरियाल्टा. बहुतेक पार्कांत शहराच्या बाजूने, म्हणजे दरीच्या तोंडाशी शिरता येते आणि तिथून वाट चढत जाते. उलट डोंगरमाथ्यावर, गाडीरस्त्यालगत सुरू होणाऱ्या वाटा आधी उतरतात.

मुलांसाठी हा फरक किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा आहे. खालून सुरुवात केली की मूल ताजे असताना चढ संपतो, आणि ते थकले की त्या क्षणी वळून उताराने गाडीपाशी येता येते. वरून सुरुवात केली की मुले पहिला तास आनंदाने उतरत धावतात, मोठ्यांनाही वाटते की आज छान चालत आहेत, आणि मग परतीचा सारा चढ कंटाळलेल्या, भुकेल्या मुलाला खांद्यावर घेऊन पार करावा लागतो. तेव्हा पहिल्या काही वेळा दरीच्या तोंडाशी सुरू होणारी आणि त्याच वाटेने परतणारी वाट निवडावी. गोल फेरीची वाट आकर्षक असते, परंतु अर्धे अंतर कापल्यावर मागे वळण्यात काही फायदा उरत नाही. गडावर निघालेला माणूस माथा गाठल्याशिवाय वळत नाही. ती सवय मुलांबरोबर चालताना घरी ठेवावी लागते.

या कारणाने सुरुवातीसाठी माझे मत मोरियाल्टा कॉन्झर्व्हेशन पार्ककडे झुकते. गाडीतळापासून पहिल्या धबधब्यापर्यंतची वाट फोर्थ क्रीकच्या काठाने जाते, रुंद आणि जवळपास सपाट आहे, आणि जाऊन-येऊन साधारण दोन किलोमीटर भरते. चार वर्षांच्या मुलाला ती स्वतःच्या पायांनी पुरी करता येते. वाटेत काठावरच्या मोठ्या झाडांवर कोआला दिसण्याची चांगली शक्यता असते, पण तो वर पाहत चालून सापडत नाही. आधी झाडाच्या बुंध्याकडे पाहावे. सालीवर ताजे ओरखडे आणि खाली बोटाच्या पेराएवढ्या, लांबट, निलगिरीचा वास येणाऱ्या लेंड्या दिसल्या की मगच मान वर करून फांद्यांच्या बेचक्यांत शोधावे. मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे हे काम तिच्याकडेच सोपवावे. ती न कुरकुरता दोन किलोमीटर चालेल. पाहावे लांबूनच, कारण हा प्राणी दिसतो तितका गरीब नाही आणि त्याची नखे मोठी असतात.

मोरियाल्टात गाडीतळाजवळ मुकांथी नावाची मुलांसाठीची नैसर्गिक खेळाची जागा आहे आणि ती खरोखर सुंदर आहे. येताना मुलांना ती आधी दिसली की चालणे संपले म्हणून समजा, म्हणून तिला परतीचे बक्षीस म्हणून राखून ठेवावे. पुढे तिसऱ्या धबधब्यापर्यंतची गोल फेरी सुमारे सात किलोमीटरची आहे. तिच्यात पायऱ्या, खडा चढ आणि कड्यालगतची ठिकाणे आहेत. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन काही महिन्यांच्या सरावानंतर ती जरूर करावी. धाकट्याला तिथे तुम्ही हात धरूनच न्याल, आणि सात किलोमीटर कोणाचा तरी हात धरून चालणे त्याला मान्य होणार नाही.

वॉटरफॉल गली ते माउंट लॉफ्टी या वाटेबद्दल सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते मोठ्यांसाठी आहे. एका बाजूचे अंतर सुमारे चार किलोमीटर आणि चढ चारशे मीटरांहून अधिक आहे. सिंहगड चढणाऱ्याला ही चढाई ओळखीची वाटेल, इथल्या लोकांचा तिच्याकडे पाहण्याचा भावही तसाच आहे: व्यायाम म्हणून धापा टाकत चढणाऱ्यांची पहाटेपासून रीघ असते आणि शनिवार-रविवारी उशिरा गेल्यास गाडी लावायला जागा मिळत नाही. अशा गर्दीत फुले पाहत थांबणारे मूल सगळ्यांच्या वाटेत येते. मुलीला ती वाट करायचीच असेल, तर एकाने तिच्याबरोबर चढावे आणि दुसऱ्याने धाकट्याला व आजी-आजोबांना गाडीने माथ्यावर न्यावे. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. मुलीला गड सर केल्याचा आनंद मिळतो, आजी-आजोबांना वरून शहर आणि समुद्र दिसतो, आणि खाली उतरताना गुडघे दुखण्याचा प्रश्नच येत नाही. ही वाट ज्या क्लेलँड पार्कातून जाते, ते २०२१ पासून नॅशनल पार्क झाले आहे. त्याच परिसरातले क्लेलँड वाइल्डलाइफ पार्क मात्र तिकीट काढून प्राणी पाहण्याचे वेगळे ठिकाण आहे.

गाडी नसेल तर बेलेअर नॅशनल पार्क सोयीचे, कारण बेलेअर मार्गावरच्या शेवटच्या स्टेशनाला ते लागूनच आहे. १८९१ मध्ये स्थापन झालेले हे या राज्यातले पहिले नॅशनल पार्क. गाडीने गेल्यास प्रवेशशुल्क पडते, पायी जाणाऱ्याला नाही. प्लेफोर्ड तलावाभोवतीची छोटी फेरी अगदी सोपी आहे, आणि मुलांसाठी खेळाचे मैदान आहे. कुत्रा असेल तर इथे पट्ट्याला बांधून नेता येतो. कॉन्झर्व्हेशन पार्कांत बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना बंदी असते, त्यामुळे प्रत्येक पार्कच्या पानावर पाहून घ्यावे.

अंतराचा अंदाज कसा करावा, याविषयी थोडे. ऑस्ट्रेलियात वाटांना १ ते ५ अशी श्रेणी देण्याची पद्धत आहे. पहिल्या श्रेणीत पायऱ्या नसतात आणि मदतनीस असेल तर चाकाच्या खुर्चीनेही जाता येते. दुसरीत सौम्य चढ आणि अधूनमधून पायऱ्या. तिसरीत आखूड पण खडे चढ, खडबडीत वाट, पुष्कळ पायऱ्या. चौथी आणि पाचवी अनुभवी लोकांसाठी. तुम्हा दोघांना तिसरी श्रेणी किरकोळ वाटेल, पण कुटुंबाची श्रेणी सर्वांत लहान पायांनी ठरते. पाटीवर लिहिलेला वेळ मोठ्या माणसाच्या चालीचा असतो. चार वर्षांच्या मुलाबरोबर, थांबणे-खाणे-मुंग्या पाहणे धरून, तासाला दीड किलोमीटरच्या हिशेबाने चालावे आणि पाटीवरचा वेळ सरळ दुप्पट करावा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तीन किलोमीटरच्या वर जाऊ नये. मूल "अजून चालू या" म्हणत असताना गाडीत बसले, तर पुढच्या रविवारी ते स्वतःहून बूट घालते.

सापांचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो योग्यच आहे. या डोंगरांत ईस्टर्न ब्राउन, रेड-बेलीड ब्लॅक आणि टायगर स्नेक असे साप आहेत, तिन्ही विषारी. थंडीत ते सहसा दिसत नाहीत. सप्टेंबरपासून उन्हाला येऊ लागतात. साप माणसाच्या मागे लागत नाही. पाय त्याच्यावर पडला, किंवा कोणी त्याला काठीने डिवचले, तर चावतो. म्हणून नियम दोनच: वाट सोडायची नाही, आणि लाकडाचा ओंडका ओलांडण्याआधी पलीकडे पाहायचे. मुले बहुधा शिंगलबॅक या आखूड शेपटीच्या, जाडजूड, खवलेदार सरड्याला साप समजून किंचाळतात. तो निवांत पडलेला असतो आणि फार जवळ गेल्यास तोंड उघडून निळी जीभ दाखवतो. त्याला पाहण्यासाठी खुशाल थांबावे.

साप चावलाच तर काय करायचे, हे मात्र तुम्ही महाराष्ट्रात ऐकलेल्यापेक्षा वेगळे आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने जागेवरच पेशींची मोठी हानी होते, त्यामुळे तिथे अवयव दाबून बांधण्याचा सल्ला देत नाहीत. ऑस्ट्रेलियातले जमिनीवरचे विषारी साप नाग-मण्यारांच्या कुळातले आहेत आणि त्यांचे विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरते. म्हणून इथे रुंद, ताणली जाणारी पट्टी दंशावर घट्ट गुंडाळतात, मग दुसरी पट्टी हाताच्या किंवा पायाच्या बोटांपासून सुरू करून वर शक्य तितक्या उंचीपर्यंत नेतात, मुरगळलेल्या पायाला बांधावी तितकी घट्ट. दंशाची जागा पट्टीवर पेनाने खूण करून ठेवावी, अवयवाला काठीचा आधार बांधावा, आणि चावलेल्या माणसाला जिथे आहे तिथेच निजवून ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. त्याला चालवू नये. जखम धुवू नये, कारण कातडीवर राहिलेल्या विषावरून साप कोणत्या जातीचा होता हे रुग्णालयात तपासता येते. चिरणे, चोखणे, दोरीने आवळणे यांतले काहीही करू नये. अशा दोन पट्ट्या माझ्या पिशवीत बाराही महिने असतात. घरी एकदा एकमेकांच्या पायावर बांधून पाहावे. पहिल्यांदा पट्टी हमखास अपुरी पडते.

सापांपेक्षा ज्यांचा त्रास प्रत्यक्षात जास्त होतो, त्या दोन गोष्टींकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. एक म्हणजे जंपर मुंगी, उड्या मारत चालणारी, काळी, टपोऱ्या डोळ्यांची. ॲडलेडच्या डोंगरांत ती आहे, आणि तिच्या दंशाची काहींना जीवघेणी ॲलर्जी येते. मुलाला चटई टाकून बसवण्याआधी जमीन नीट पाहावी. दंशानंतर ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर वाट न पाहता ००० ला फोन करावा. दुसरी गोष्ट म्हणजे फांद्या. मोठ्या गम, म्हणजे निलगिरीच्या, वृक्षांच्या जाड फांद्या वारा नसतानाही, विशेषतः गरम दिवसांत, अचानक तुटून पडतात. सावली पाहून थेट बुंध्याशी डबा उघडण्याची आपली सवय इथे मोडावी आणि फांद्यांच्या घेराबाहेर बसावे. डब्याविषयी आणखी एक: पिकनिकच्या जागी कूकाबुरा पक्षी टपून असतो आणि मुलाच्या हातातला घास झडप घालून नेतो. दशमीचा तुकडा त्याला आवडो न आवडो, उचलतो मात्र नक्की. त्याला मुद्दाम काही घालू नये.

पाणी घरून न्यावे, माणशी किमान एक लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. ओढ्याचे पाणी पिण्याजोगे नसते. दऱ्यांत फोनची रेंज जाते, म्हणून कुठे जातो आणि किती वाजता परतणार हे कोणाला तरी सांगून ठेवावे. फोनवर इमर्जन्सी प्लस हे ॲप घ्यावे. त्यात आपण उभे असलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात, ते फोनवर वाचून दाखवता येतात. दोन्ही मुलांच्या गळ्यात शिट्टी असू द्यावी, आणि पहिल्या दिवसापासून एकच शिस्त लावावी: वाट फुटते तिथे, पाटी असो वा नसो, सगळे येईपर्यंत थांबायचे. आठ वर्षांची मुले पुढे पळतात आणि नेमकी फाट्यावरच चुकतात.

काही पार्कांच्या दाराशी बूट साफ करण्याची जागा असते, आणि पुष्कळ लोक तिला वळसा घालून जातात. ती फायटोफ्थोरा नावाच्या, मातीतून पसरणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे ठेवलेली आहे. तो बँक्सिया, याका अशा इथल्या झाडांची मुळे कुजवतो. एकदा जमिनीत शिरला की त्याला काढून टाकण्याचा उपाय नाही. बुटाच्या तळाच्या खाचांतली माती आधी ब्रशने खरवडून काढावी आणि मगच तळ जंतुनाशकात भिजवावा, कारण चिखलाच्या थराखाली औषध पोहोचतच नाही. आत जाताना आणि बाहेर येतानाही हे करावे. हिवाळ्यात ओल्या मातीबरोबर हा रोग जास्त पसरतो, आणि वाट सोडून चालू नये असे मी पुन्हापुन्हा सांगते त्याचे निम्मे कारण हेच आहे. मुलांना हे काम आवडते. फवारा उडवायला मिळाला की धाकटा तुमचेही बूट धुऊन देईल.

राहिले आजी-आजोबा. ते जानेवारी-फेब्रुवारीत येत आहेत, म्हणजे चालण्याच्या दृष्टीने वर्षातल्या सर्वांत कठीण काळात. तिकिटे अजून काढली नसतील आणि एप्रिलमध्ये येणे जमत असेल, तर तो बदल पहिल्यांदा विचारात घ्यावा. तिकिटे निघाली असतील, तर डोंगरातल्या दऱ्या दिवसा त्यांच्यासाठी सोडून द्याव्यात आणि समुद्राकडे वळावे. शहराच्या दक्षिणेला हॅलेट कोव्ह कॉन्झर्व्हेशन पार्क कड्यावर आहे. हॅलेट कोव्ह बीच या रेल्वे स्टेशनापासून ते लांब नाही. वरच्या सपाट भागातून समुद्र पाहत चालता येते. शुगरलूफ टेकाडाकडे उतरणाऱ्या लाकडी वाटेला पायऱ्या आहेत, त्या त्यांच्या गुडघ्यांना विचारून ठरवाव्यात. इथल्या कातळावर सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. १८७७ मध्ये राल्फ टेट या प्राध्यापकांनी ते ओळखले. तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, आणि त्याच हिमयुगातले असे ओरखडे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथेही आहेत. आजोबांना भूगोलाची आवड असेल तर हा विषय दोन संध्याकाळी पुरेल.

जानेवारीत ॲडलेडला सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, आणि बहुतेक दिवशी दुपारनंतर समुद्रावरून गार वारा येऊ लागतो. संध्याकाळी साडेसहाला निघावे, दीड तास रमत चालावे, एक शाल मात्र आजींसाठी बरोबर ठेवावी, कारण कड्यावर वारा बोचतो. त्या दिवशीही निघण्याआधी आगीची पातळी आणि पार्क उघडे आहे का, हे पाहायला विसरू नये.